अवकाश वाहतुकीचे तज्ज्ञ, मुक्काम कारंजा

कारंजा लाड गावात ज्याच्याकडे एकही ट्रक नाही असा ट्रान्सपोर्टवाला एकच होता, आणि तो म्हणजे जिनदास पन्नालाल रुईवाले. ट्रक नाही तर ट्रान्सपोर्ट कसलं, असं परगावचा माणूस विचारी. गावातला विचारत नसे, कारण जिनदासभाऊंचा धंदा ट्रकचा नसून ट्रकमधल्या रिकाम्या जागेचा आहे, हे गावाला ठाऊक होतं. कारंज्याला माल उतरवून ट्रक परत निघतो तेव्हा तो रिकामा असतो, आणि रिकामा आहे म्हणून त्याला डिझेल काही कमी लागत नाही. जिनदासभाऊ नाक्याजवळ टेबल टाकून बसत, असा ट्रक दिसला की हात करत आणि त्याला परतीचा माल जुळवून देत. कधी कुणाची हळद, कधी सरकी, एकदा तर शिरपूरच्या यात्रेकरूंची अंथरुणं. रिकामी गाडी समोरून निघून गेली की ते ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत बसत. त्या दिवशी जेवणसुद्धा गोड लागत नसे.

त्यांचे चुलत भाऊ कैलासचंद यांचे स्वतःचे तीन ट्रक होते, आणि ते तीन असल्याचं ते दिवसातून तीन वेळा सांगत. बाजारात चार माणसांत जिनदासभाऊ काही बोलायला लागले की कैलासचंद मध्येच म्हणत, "थांब बे, पह्यले ज्याच्याजवळ गाडी आहे त्याले बोलू दे." मग चार माणसं कैलासचंदांकडे तोंड करत. जिनदासभाऊंचं अर्धं वाक्य तसंच राहून जाई. अशी अर्धी वाक्यं गेल्या वीस वर्षांत बरीच साठली होती.

आता पाटीची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिनंच केला. दोन वर्षांपूर्वी रंगारी टेबलामागच्या फळीवर 'रिटर्न लोड स्पेस सर्व्हिस' असं लिहायला बसला होता. तेवढ्यात उत्तमराव मास्तर तिथून चालले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मास्तर गावाचं मराठी तपासत असत.

"काऊन गा जिनदास, राज्याची भाषा मराठी झाली अन् तू विंग्रजी पाटी लावून राह्यला?" मास्तर म्हणाले. "स्पेस म्हंजे काय? अवकाश! लिव्ह रे रंगाऱ्या. जिनदास अवकाश वाहतूक सेवा."

पाटी लागली. पहिल्या आठवड्यात सहा जणांनी 'सुट्टीतली गाडी कुठं जाते' म्हणून चौकशी केली, कारण आमच्याकडे हिंदी शाळेच्या दारावर अवकाश म्हणजे सुट्टी. पण मास्तरांचा शब्द शुद्ध होता आणि शुद्ध शब्दाला थोडा त्रास व्हायचाच. पुढं याच नावानं जिनदासभाऊ व्यापाऱ्यांच्या पत्त्यांच्या एका पुस्तकात छापूनही आले, आणि तिथून ते थेट सरकारच्या हाती लागले.

सन एकोणऐंशीच्या मे महिन्यात पोस्टमननं रजिस्टर पाकीट आणलं. नाक्यावर तेव्हा मास्तर होते, कैलासचंद होते, आणि भाजीची टोपली उतरवून बिडी ओढत बसलेला नथ्थू माळी होता. मास्तरांनी पाकीट फोडलं आणि शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं: "विषय: व्यापारी अवकाश वाहतूक धोरणाबाबत उद्योगातील तज्ज्ञांचा सल्ला घेणे. उपरोक्त विषयाबाबत आपणांस कळविण्यात येते की, शासनास सल्ला देण्याकरिता गठित करण्यात आलेल्या समितीवर आपली 'उद्योगातील तज्ज्ञ' म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे."

जिनदासभाऊंच्या अंगावर सरसरून काटा आला. इतक्या वर्षांनी का होईना, रिकाम्या ट्रकची कुणाला तरी काळजी वाटली! त्यांनी तिथल्या तिथं पेढे मागवले. पेढे आले, वाटले गेले, नथ्थूनं दोन खाल्ले, आणि मग मास्तरांनी दुसरं पान उलटलं. दुसऱ्या पानावर अग्निबाण होता. अग्निबाणातून उपग्रह व अन्य माल पृथ्वीबाहेर व्यापारी तत्त्वावर नेण्याची शक्यता, असं काही तरी होतं, आणि सभा अकरा जूनला नागपुरात होती.

पेढा जिनदासभाऊंच्या तोंडातच राहिला. चूक त्यांच्या लगेच ध्यानात आली. 'मास्तर, हे आपलं काम नव्हे, पत्र परत पाठवा,' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं.

पण कैलासचंद आधी बोलले. "चूक झाली असंन. याले कोन बोलावते? याच्याजवळ तर हातगाडी नाई."

बस्स. जिनदासभाऊंनी पेढा गिळला. "चूक कायची? सरकार इचारपूस केल्याबिगर रजिस्टर पाठवते का? मी जाऊन राह्यलो नागपूरले."

माणसाची अब्रू कशी जाते याचे पुष्कळ प्रकार आहेत. त्यातला सगळ्यात जलद प्रकार म्हणजे चुलत भावाच्या तोंडावर बोललेलं वाक्य.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की जिनदासभाऊंना सरकारनं आभाळात माल पाठवायच्या कामावर नेमलं. आणि वेळही अशी होती की काही विचारू नका. अमेरिकेची ती आकाशातली प्रयोगशाळा, स्कायलॅब, खाली येते येते म्हणून रेडिओ रोज ओरडत होता, आणि कुठं पडणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आता घरचाच तज्ज्ञ मिळाल्यावर लोक कशाला सोडतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या गुलाबबाई दारात उभ्या. "भाऊजी, गच्चीवर कुरडया टाकू का नको? ते वरतून पडन म्हंतात."

आदल्या दिवशीपर्यंत जिनदासभाऊंना गच्चीवरचं कावळ्याखेरीज काही कळत नव्हतं. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यात असा विश्वास असला की माणसाला उत्तर फुटतंच. त्यांनी डोळे बारीक करून आभाळाकडं पाहिलं. "टाका. दोन दिवस तरी काई नाई."

गुलाबबाईंनी कुरडया टाकल्या, त्या वाळल्या, काहीही पडलं नाही. या एका कुरडईनं जिनदासभाऊंची ख्याती पार किन्हीराजा गावापर्यंत गेली. मग रांगच लागली. नथ्थूला वर फार थंडी असते असं कळलं होतं. तेव्हा टमाटे तिकडून नेले तर टिकतील का, हे सरकारला विचारून घ्या, असा त्याचा आग्रह होता. "भाऊ, इथून अकोल्याले जाईस्तोर अर्धे पिचकतात. वरून वरून गेले तर?" बाजारातले हमाल आपल्यातल्या लखमाला पुढं घालून आले. वर वजनच नसतं, अशी त्यांना पक्की खबर होती. "मालक, वजन नसंन तर आमी उचलू काय? तुमी सांगा सायबाले, हमाली पोत्यावर ठेवा, वजनावर नोको." जिनदासभाऊ सगळं बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, पुस्तकामागं लिहून घेत. वीस वर्षांत कुणी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं नव्हतं, आणि आता लोक त्यांच्या अर्ध्या 'हूं'चाही अर्थ लावत होते. आतून ते फार घाबरलेले होते, आणि खरं सांगायचं तर इतके आनंदात ते लग्नातही नव्हते.

घरी बायकोचा, तारामतींचा, प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. मास्तरांनी त्यांना सांगितलं होतं की वर फिरणाऱ्या यानातून दर दीड तासानं सूर्य उगवतो आणि मावळतो. तारामती पोळी लाटता लाटता थांबल्या.

"मंग आपल्या जैनातलं मानूस वरतं गेलं तर त्यानं जेवायचं कवा? सूर्य बुडाल्यावर आपून जेवत नाई. पहिला घास घेतला का बुडाला सूर्य!"

"मी कुठं वर जाऊन राह्यलो वो?"

"तुमी नाई. पन कोनी तर जाईन. सरकारले सांगून ठेवा."

जिनदासभाऊंनी तेही लिहून घेतलं.

पत्राच्या तळाशी एक बारीक ओळ होती: सोबत तज्ज्ञ असल्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणावा. तालुक्याच्या कचेरीत मदनसिंग नावाचे अव्वल कारकून होते. त्यांनी कपाटं धुंडाळली, धूळ झटकली, शिंकले आणि म्हणाले, "तज्ज्ञाचा नमुनाच नाई आपल्याजवळ. रह्यवासाचा आहे, वारसाचा आहे, हयातीचा आहे. यातला कोनता चालन?"

"पन मी तज्ज्ञ आहो, हे लिवायचं आहे."

"पाह्यलं कोनी?"

"काय?"

"तुमाले तज्ज्ञ असतानी पाह्यलं कोनी? पंच लागतीन दोन."

दुसऱ्या खेपेला नथ्थू आणि मास्तर पंच म्हणून आले. नथ्थूनं शपथेवर सांगितलं की गुलाबबाईच्या कुरडया त्यानं स्वतः पाहिल्या आहेत. तिसऱ्या खेपेला शिक्का सापडला नाही. चौथ्या खेपेला शिक्का होता, पण साहेब दौऱ्यावर होते. पाचव्या खेपेला अखेर हयातीच्या नमुन्यावर दाखला मिळाला: 'सदर इसम आज रोजी हयात असून तज्ज्ञ आहे.' मदनसिंगांनी तो हातात देताना बजावलं, "सहा महिने चालते. मंग पुन्हा हयात व्हा."

निघण्याच्या पहाटे अर्धं गाव स्टँडवर होतं. कुणी नारळ दिला, कुणी हार घातला. कैलासचंदही आले होते. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "नागपूरले माया वळखीचा मानूस आहे त्याच कचेरीत. तिथं काय झालं ते मले संध्याकाळी फोनवर समजन. तू इथं येऊन थापा मारू नोको."

एस.टी. सुटली, पण ते वाक्य जिनदासभाऊंच्या शेजारी येऊन बसलं आणि थेट नागपूरपर्यंत उतरलं नाही.

सभेची खोली मोठी होती, पंखा मोठा होता आणि टेबल तर एवढं की त्यावर दोन ट्रक सरकी पसरता आली असती. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे शास्त्रज्ञ होते. शेजारी एक उपसचिव, दोन प्राध्यापक आणि कागदांचा गठ्ठा घेतलेला एक कारकून. समोर 'उद्योगातील तज्ज्ञ' अशा तीन पाट्या होत्या. पहिल्या पाटीचे गृहस्थ फटाक्यांचे कारखानदार होते, त्यांची आजारपणाची तार आली होती. दुसरे फुगे बनवणारे होते, त्यांच्या घरी लग्न होतं. तिसऱ्या पाटीमागं जिनदासभाऊ बसले. पाटीवर त्यांचं नाव टंकलेलं पाहून त्यांना भरून आलं, आणि लगेच घामही आला.

पहिला अर्धा तास प्राध्यापक कक्षा, प्रणोदक, भार असं काही बोलत होते, सगळे माना हलवत होते, आणि जिनदासभाऊही हलवत होते. अशीच मान हलवत राहिलं असतं तर चहा होऊन, सही होऊन, संध्याकाळची गाडी मिळाली असती. कैलासचंदांच्या ओळखीच्या माणसाला सांगण्यासारखंही काही राहिलं नसतं. पण अध्यक्षांनी मध्येच चष्मा काढला आणि आदरानं विचारलं, "रुईवाले साहेब, तुमचा या क्षेत्रातला अनुभव किती वर्षांचा?"

साहेब! पन्नास वर्षांत त्यांना कुणी साहेब म्हटलं नव्हतं. आणि नेमकं त्या एका शब्दानं त्यांना खोटं बोलवेना. ते उभे राहिले.

"मालक, माफी करा. चूक झाली. माया अवकाश म्हंजे ट्रकमधली मोकळी जागा. तुमचा अवकाश तो..." त्यांनी बोट पंख्याच्या दिशेनं वर केलं. "दोघाचं नाव एक पडलं. मी वीस वर्ष परतीच्या रिकाम्या गाड्या भरून राह्यलो. तज्ज्ञ-बिज्ञ नाई मी. फक्त हयात आहो."

कारकुनाचा चेहरा पांढरा पडला. उपसचिव उठून त्यांच्या कानाशी आले आणि कळवळून म्हणाले, "रुईवाले, बसा हो! उद्योगातला एक तरी तज्ज्ञ हजर नसेल तर गणपूर्ती होत नाही. गणपूर्ती नाही तर सभा नाही, सभा नाही तर अहवाल नाही, आणि अहवाल दिल्लीला या महिन्यात जायचाय. तुम्ही तज्ज्ञच आहात. शासनाने तसं टंकलिखित केलेलं आहे."

पण अध्यक्ष मात्र हसत नव्हते आणि रागावलेही नव्हते. ते पुढं झुकले. "रिकाम्या गाड्या भरता, म्हणजे नेमकं काय करता?"

जिनदासभाऊंनी सांगितलं. आधी अडखळत, मग भरभर. गाडी एका बाजूनं भरून आली आणि दुसऱ्या बाजूनं रिकामी गेली तर मालकाला कसं परवडत नाही, परतीचा माल जुळला तर दोन्ही बाजूंचं भाडं कसं उतरतं, सगळं. सांगता सांगता त्यांना एक शंका आली.

"मालक, एक इचारू? तुमची गाडी माल टाकून किती दिवसात परत येते?"

"कोणती गाडी?"

"तो अग्निबाण."

दोन्ही प्राध्यापक एकमेकांकडं पाहू लागले. अध्यक्ष म्हणाले, "तो परत येत नाही. जळून जातो, नाही तर समुद्रात पडतो."

"दर खेपेले?"

"दर खेपेला."

जिनदासभाऊ खाली बसले. रिकामी गाडी पाहून ज्याला जेवण गोड लागत नाही, त्याला हे सहन होण्यासारखं नव्हतं. "दर खेपेले नवी गाडी?" ते कळवळून म्हणाले. "बाप्पा, बाप्पा! मंग त्याले वाहतूक कायले म्हंता? पोतं पोचवलं अन् ट्रक पेटवला, याले आमच्याकडे बह्याडपना म्हंतात. पह्यले ते गाडी परत येईन असं काई करा. परत येऊ लागली का मंग मी पाहून घेतो भराचं काम."

मग अध्यक्षांनी पेन उघडलं आणि स्वतःच्या हातानं लिहायला सुरुवात केली. "आणखी?" ते म्हणाले.

आणखी तर पुष्कळ होतं! जिनदासभाऊंनी बिल्टीचं पुस्तकच टेबलावर ठेवलं. बिल्टीवर खाली बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'माल मालकाच्या जोखमीवर'. वरून माल कुणाच्या शेतात पडला तर शेतवाल्यानं कुणाची बिल्टी शोधायची? सध्या गावोगावचे लोक कुरडया टाकायला भिऊन राहिलेत, त्यांनी कुणाला विचारायचं? ते आधी ठरवा, उडवायचं मागून. दुसरं, नाके. कारंज्याहून नागपूरला येताना ट्रकला पाच ठिकाणी कागद दाखवावे लागतात. अग्निबाण पाच ठिकाणी थांबत नाही. तेव्हा उडायच्या आधी एकाच टेबलावर सगळे कागद पाहून घ्या. उपसचिवांनी 'एकच टेबल' हे शब्द दोनदा अधोरेखित केले, कारण त्यांचीच एक फाईल गेली तीन वर्षं अकरा टेबलं फिरत होती.

लखमाची हमाली निघाली, नथ्थूचे टमाटे निघाले. तारामतींचा प्रश्न मांडला तेव्हा एक प्राध्यापक खळखळून हसले आणि मग हसता हसता थांबले. "वर गेलेल्या माणसाचा दिवस कोणत्या घड्याळाने मोजायचा, हा प्रश्न आपल्या मसुद्यात नाहीच की," ते दुसऱ्याला म्हणाले. चहा आला, निवला, पुन्हा आला. सभा एक तासाची होती, ती तीन तास चालली. निघताना अध्यक्ष दारापर्यंत आले, त्यांनी जिनदासभाऊंचा हात दोन्ही हातांत धरला आणि अहवालाला जोडायला बिल्टीचं एक कोरं पान मागून घेतलं. जिना उतरताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि त्याचं कारण त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एस.टी. कारंज्याच्या स्टँडवर लागली. पुन्हा अर्धं गाव जमलेलं होतं. गुलाबबाई होत्या, हमाल होते, मास्तर होते, तारामती एका बाजूला उभ्या होत्या. आणि सगळ्यांच्या पुढं कैलासचंद होते. जिनदासभाऊ पायरीवरून उतरायच्या आतच त्यांनी गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"जिनदास, खरं सांग. फोन आला मले. तुले चुकून बोलावलं होतं का नाई?"

मास्तरांनी मान खाली घातली, कारण शब्द त्यांचा होता. तारामतींनी पदर घट्ट धरला. जिनदासभाऊ पायरीवरच थांबले. नाही म्हणता आलं असतं. पण काल एकदा खरं बोलून पाहिलं होतं आणि त्यानं काही वाईट झालं नव्हतं.

"हो," ते म्हणाले. "बोलावलं ते चुकून." मग श्वास घेऊन त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "पन तीन तास आयकलं, ते चुकून नाई."

कैलासचंदांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात गर्दीतून नथ्थू पुढं घुसला. चूक कुणाची आणि पत्र कुणाचं, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं.

"ते राहू द्या वो! भाऊ, टमाट्याचं काय ठरलं ते सांगा."

"आमच्या पोत्याचं काय झालं?" लखमा ओरडला.

"सांगतो, सांगतो. पह्यल्यापासून सांगतो," जिनदासभाऊ म्हणाले, आणि पिशवी तारामतींच्या हातात देऊन एस.टी.च्या पायरीवर उभ्या उभ्याच त्यांनी सुरुवात केली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हात काढला. लोक भोवती दाटले. मागं नीट ऐकू येईना, म्हणून कैलासचंद दोन पावलं पुढं सरकले.